हुकावर कानस मारून गेलेल्या मेकॅनिकला खुलं पत्र

मेकॅनिकदादा,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. भांडुप पश्चिमेत पान्यांची पिशवी खांद्याला अडकवून दारोदार शिलाई मशीन दुरुस्त करणारे तुम्ही एकटे नाही, आणि तुमच्या एकट्याच्या बदनामीत मला रस नाही. पण वाचताना तुम्हाला कळेलच की पत्र कोणाला आहे. टेंभीपाड्याचा चढ, चाळीतली खोली, खिडकीशी लावलेली टेबल मशीन. त्या मशीनवर कापडी पिशव्या आणि ब्लाउज शिवणाऱ्या बाई माझ्या वहिनी. मशीन तुमच्या हातात आली तेव्हा ती जाड शिवणीवर अधूनमधून टाका सोडत होती, एवढंच. तुमच्या हातून सुटली तेव्हा ती साध्या पातळ कापडावरही दोन इंच सरळ शिवत नव्हती. आणि हे झालं गणपतीच्या तोंडावर.

मी फिटर आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. या रस्त्याला एके काळी सिएट होतं, एशियन पेंट्स होतं, गेस्ट कीन विल्यम्स होतं, आणि त्यांच्या अवतीभवती शेकडो लहान गाळे होते. सिएट अजून आहे; बाकीच्या बऱ्याच जागी आता टॉवर उभे राहिले. त्या कारखान्यांनी भांडुपच्या दोन पिढ्यांना एक गोष्ट शिकवली: यंत्र बिघडलं की आधी बघायचं, मग मोजायचं, आणि हत्यार सगळ्यांत शेवटी उचलायचं. तुम्ही याच्या बरोबर उलटं केलंत. म्हणून हे पत्र.

तुम्ही काय केलंत ते क्रमाने मांडतो. वहिनींनी सांगितलेलं आणि मशीन उघडल्यावर मला दिसलेलं, दोन्ही जुळतं.

तुम्ही आलात. वहिनी म्हणाल्या, “दादा, पिशवीचा बंद जोडताना टाके सोडते.” तुम्ही सुई पाहिली नाहीत. दोरा पाहिला नाहीत. त्यांना एक टाका मारून दाखवायलाही सांगितलं नाहीत. मशीनचं डोकं मागे कलतं केलंत, खालचा हुक बोटाने हलवलात आणि निकाल दिलात, “टायमिंग गेलंय.” हुकाचे स्क्रू सैल केलेत, हुक अंदाजाने फिरवलात, स्क्रू आवळलेत आणि पैसे घेऊन गेलात. संध्याकाळी सुया मोडायला लागल्या. फोन केल्यावर तुम्ही परत आलात, आणि या वेळी पिशवीतून कानस काढलीत. हुकाचं टोक सुईला लागतंय म्हणून ते टोकच घासलंत. टोक आखूड झाल्यावर ते धाग्यापर्यंत पोचेना, म्हणून सुई धरणारा दांडा, म्हणजे नीडल बार, खाली सरकवलात. त्यानंतर मशीन सगळीकडेच टाके सोडू लागली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “ताई, मशीन म्हातारी झाली. नवीन घ्या.” त्यानंतर तुमचा फोन लागला नाही.

म्हातारी मशीन झाली नव्हती दादा. तिला तुम्ही जायबंदी केलंत.

मी टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो तेव्हा पहिल्यांदा दिसले ते हुकाचे स्क्रू. त्यांच्या डोक्यावरच्या खाचा चावल्यासारख्या झाल्या होत्या, कडा बाहेर लोटल्या गेल्या होत्या. रुंदीला न बसणारा स्क्रू ड्रायव्हर जोर लावून फिरवला की खाच अशी होते. मग हुकाचं टोक. चांगल्या हुकाचं टोक आरशासारखं असतं. ते पोलाद कडक केलेलं असतं, त्याला पॉलिश असतं, कारण धागा त्याच्यावरून न अडखळता घसरायला हवा. या टोकावर कानशीच्या आडव्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, उजेडात चमकणाऱ्या. टोकाची अणी गेली होती, तिथे एक बोथट उतार होता, आणि उताराच्या कडेला इतकी बारीक धार उभी राहिली होती की दोरा तिच्यावरून ओढला की त्याचे तंतू उसवत होते. बोटाला ती कळत नाही. मी जुना नायलॉनचा मोजा तिच्यावरून फिरवला, तो लगेच अडकला.

आता तुम्ही जे “टायमिंग” म्हणालात ते असतं काय, हे वहिनींसारख्या शिवणाऱ्या बायांसाठी इथे लिहितो. म्हणजे पुढच्या वेळी कोणी हा शब्द त्यांच्या तोंडावर फेकला तर त्यांना चार प्रश्न विचारता येतील.

सुई कापडातून खाली जाते, सगळ्यांत खालच्या बिंदूला पोचते आणि वर यायला लागते. वर येताना सुईच्या एका बाजूचा धागा कापडाच्या घर्षणाने अडतो. सुई वर सरकते, धागा मागे राहतो, आणि नाकाच्या वर, सुईला जिथे पाठीमागून खोलगट तासलेलं असतं तिथे, धाग्याचा एक लहानसा फुगा तयार होतो. सुई खालच्या बिंदूपासून दोन-अडीच मिलिमीटर वर आली की हा फुगा नेमका भरतो. त्याच क्षणी हुकाचं टोक सुईच्या मागून, नाकाच्या थोडं वरून, त्या फुग्यात शिरलं पाहिजे. ते फुगा पकडतं, बॉबिनभोवती फिरवतं, वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकतात आणि एक टाका पडतो. हुकाचं टोक आणि सुई यांच्यामधलं अंतर वहीच्या पानाच्या जाडीपेक्षा जास्त असू नये, आणि टोक सुईला घासताही कामा नये. वहिनींच्या मशीनसारख्या फिरत्या हुकाच्या मशीनमध्ये एका टाक्याला हुक दोन फेऱ्या मारतो. मिनिटाला चार हजार टाक्यांच्या वेगाने मशीन पळते तेव्हा हा हुक मिनिटाला आठ हजार वेळा फिरत असतो, आणि दर दुसऱ्या फेरीला त्याने तो इवलासा फुगा अचूक पकडायचा असतो. टायमिंग म्हणतात ते हे. यात अंदाजाला जागाच नाही.

आणि म्हणूनच टायमिंग उगाच जात नाही. हुक शाफ्टवर स्क्रूंनी आवळलेला असतो. तो आपल्या जागेवरून हलायला काहीतरी घडावं लागतं: जाड शिवणीवर सुई मोडून तिचा तुकडा हुकात अडकला, दोरा गुंतून मशीन झटक्याने जाम झाली, किंवा आधीच्या कोणी स्क्रू नीट आवळला नाही. यातलं काहीच घडलेलं नसेल तर टायमिंगवर संशय घ्यायचं कारण नाही. म्हणून कुठल्याही शहाण्या कारागिराचा पहिला प्रश्न असतो, “कधीपासून?” अचानक सुरू झालं की हळूहळू वाढत गेलं? दुसरा प्रश्न असतो, “कुठे?” सगळीकडे की जाड ठिकाणीच? तुम्ही दोन्ही विचारले नाहीत. विचारले असते तर वहिनींनी सांगितलं असतं की पिशव्यांचं कापड बदललं तेव्हापासून, आणि फक्त बंद जोडताना, जिथे कापडाचे चार थर येतात तिथेच. एका थरावर मशीन व्यवस्थित शिवत होती. या उत्तरानंतर हुकाचे स्क्रू सैल करायला जाणारा माणूस बिघाड शोधत नसतो.

खरा बिघाड काय होता? मी सुई काढली आणि काचेवर ठेवून फिरवली. सरळ सुई काचेवर सारखी फिरते आणि तिच्याखालची उजेडाची फट सगळीकडे सारखी राहते. हिची फट टोकाकडे उघडत-मिटत होती. सुई वाकलेली होती. शिवाय ती चौदा नंबरची होती. आधीच्या पातळ सुती कापडाला चौदा नंबर ठीक होता. नव्या जाड कापडाच्या चार थरांत ती सुई जाताना लवते, आणि लवली की हुकापासून दूर जाते. त्या कापडाला अठरा नंबरची सुई लागत होती. वर कापड दाबणाऱ्या पायाचा दाब जुन्या पातळ कापडाच्या हिशेबाने हलका ठेवलेला होता. त्यामुळे सुई वर येताना जाड कापड तिच्याबरोबर उचललं जात होतं. कापडच सुईबरोबर वर गेलं तर धागा अडणार कुठे, आणि फुगा होणार कसा? फुगा नाही म्हणजे टाका नाही. हुक बिचारा वेळेवर येत होता, आणि त्याला पकडायला काही मिळत नव्हतं.

एक नवी सुई आणि दाबाच्या स्क्रूला थोडासा पीळ. काही रुपयांचं काम होतं. त्यासाठी तुम्ही हुक कापलात.

तुम्हाला वाटेल, शिवणयंत्राच्या एका हुकासाठी हा माणूस एवढा का चिडलाय. म्हणून याच घराण्यातल्या दुसऱ्या एका यंत्राबद्दल सांगतो. तिथे टायमिंग चुकलं तर काय होतं हे जगाला चांगलं ठाऊक आहे, आणि म्हणून तिथे तुमच्यासारखं कोणी वागायला धजत नाही.

सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत फिरत्या चक्रीच्या बंदुकीचं पेटंट घेतलं. त्याच्या कंपनीचं १८७३ चं रिव्हॉल्व्हर आजही जगभर ओळखलं जातं. त्याला सिंगल ॲक्शन म्हणतात, कारण चाप ओढून घोडा मागे जात नाही. घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो, चाप फक्त तो सोडतो. घोडा मागे येत असतानाच आत सगळा खेळ होतो. घोड्याला जोडलेली एक पट्टी चक्रीच्या मागच्या दात्यांना वर ढकलते आणि चक्री फिरवते. त्याआधी खालची खिटी चक्रीच्या खाचेतून बाहेर पडते, म्हणजे चक्री मोकळी होते. चक्री एक घर पुढे आली की खिटी पुढच्या खाचेत उडी मारून बसते, आणि नेमक्या त्याच वेळी घोडा पूर्ण मागे अडकतो. घोडा हळू ओढला तर चार वेगवेगळे टिक ऐकू येतात. जाणकार माणूस त्या चार आवाजांवरूनच अर्धं निदान करतो.

चक्री ढकलणारी पट्टी झिजून आखूड झाली तर घोडा पूर्ण मागे येतो, पण चक्री पूर्ण फिरलेली नसते आणि खिटी खाचेबाहेरच राहते. गोळीचं घर नळीच्या सरळ रेषेत येत नाही. अशा वेळी बार उडाला तर गोळीची कड नळीच्या तोंडावर तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, नेम धरणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या अंगावर. पट्टी प्रमाणापेक्षा लांब असेल तर घोडा पूर्ण मागे येण्याआधीच चक्री अडते आणि जोर पट्टीवर व खिटीवर पडतो. खिटी खाचेच्या फार आधीच वर आली तर ती चक्रीच्या अंगावर घासत जाते आणि दोन खाचांच्या मधे एक रेघ ओढते. प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी. म्हणून हे रिव्हॉल्व्हर तपासणारा परवानाधारक कारागीर आधी ते रिकामं आहे याची स्वतः खात्री करतो, मग चक्रीवर बोट हलकेच टेकवून घोडा अगदी सावकाश ओढतो, आणि हे सहाही घरांना करतो. कारण चक्रीच्या मागचे सहा दाते सारखे झिजत नाहीत. पाच घरं बरोबर बसतील आणि सहावं चुकेल. एकच घर चुकतं की सगळी, यावरून दोष दात्यात आहे की पट्टीत हे कळतं. कधी दोन्हींत दोष नसतो. चक्रीचा मधला दांडा ढिला असतो किंवा खिटीची स्प्रिंग चिरलेली असते. एवढं सगळं बघून झाल्याशिवाय तो कानस उचलत नाही. कानशीने धातू कमी करता येतो, वाढवता येत नाही. आखूड पट्टी घासून लांब होत नसते.

आपल्या देशात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हा गुन्हा आहे. ते योग्यच आहे. शिलाई मशीनला मात्र कोणी परवाना विचारत नाही. एक स्क्रू ड्रायव्हर आणि बोलण्याची ढब असली की माणूस मेकॅनिक होतो. मी परवान्याची मागणी करत नाही; त्यातून आणखी चार खिडक्या आणि चार शिक्के तेवढे निघतील. पण जिथे कायदा विचारत नाही तिथे माणसाने स्वतःला विचारायचं असतं. ज्या हातांना कोणी अडवत नाही, त्यांनी स्वतःच थांबायला शिकायचं असतं.

आणि ही दोन यंत्रं एका घराण्यातली आहेत असं मी म्हणालो ते शब्दशः खरं आहे. इलायस होवेला शिवणयंत्राचं पेटंट १८४६ मध्ये मिळालं, ॲलन विल्सनने फिरता हुक १८५१ मध्ये आणला. पण ही यंत्रं हजारोंनी बनवायची कशी, एका यंत्राचा भाग दुसऱ्याला जसाच्या तसा बसायचा कसा, हे ज्ञान तेव्हा बंदुकांच्या कारखान्यांत होतं. विल्सनच्या व्हीलर अँड विल्सन कंपनीने आपला कारखाना उभारताना कोल्टकडे आणि इतर बंदूक कारखान्यांत शिकलेली माणसं घेतली. स्वीडनची हुस्कवार्ना सुरू झाली १६८९ मध्ये बंदुकांसाठी, आणि १८७२ पासून ती शिवणयंत्रं करू लागली. ज्या रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी नोकरीचे अर्ज टंकले, ती कंपनीही मुळात बंदुका करणारी. तिनेही शिवणयंत्रं केली. कुठला भाग कुठल्या क्षणी कुठे असायला हवा याची शिस्त तीच. त्या शिस्तीचं फळ म्हणून आज टेंभीपाड्यातल्या एका खोलीत, दिवसाला पिशव्यांचा गठ्ठा शिवणाऱ्या बाईच्या टेबलाखाली तो हुक फिरतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांची कारागिरी त्या टोकात असते. तिच्यावर तुम्ही कानस मारलीत.

आता नुकसानीचं बोलू, कारण तुमच्या लेखी ते हुकाच्या किमतीएवढंच असेल.

महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तेव्हापासून कापडी पिशव्यांची कामं वाढली आणि बचत गटांतल्या कित्येक बाया या कामाला लागल्या. महापालिकाही गरजू महिलांना शिवणयंत्रं देते. मशीन मिळते, काम मिळतं, पण मशीन बिघडली की त्या बाईच्या हातात फक्त तुमचा फोन नंबर असतो. कारखान्यात मशीन बंद पडली तर कामगाराचा त्या दिवसाचा पगार बुडत नाही, देखभाल विभाग येतो. घरी शिवणाऱ्या बाईचा पगार नगावर असतो. मशीन बंद तर मजुरी बंद. जे नग बिघडले ते परत येतात, आणि परत आलेल्या पिशवीचे टाके उसवून ती पुन्हा शिवायची, तीही फुकट. तुम्ही पहिल्यांदा मशीन “दुरुस्त” केल्यावर वहिनींनी विश्वासाने बसून काम उरकलं. सोडलेले टाके वरवर पाहता लक्षात येत नाहीत. पिशवीत नारळ-गूळ भरून उचलली की बंद सुटतो. सणाच्या तोंडावर तो सगळा गठ्ठा परत आला. ब्लाउज द्यायचे होते ते शेजारच्या गल्लीतल्या बाईकडे शिवायला टाकावे लागले आणि त्यांची मजुरी तिला गेली. गावी जायचं रेल्वेचं तिकीट महिन्यांआधी काढलेलं असतं, गाडी कोणासाठी थांबत नाही. घरातले सगळे कोकणात गेले, आणि वहिनी माल पुरा करायला मागे राहिल्या. गौरी त्यांच्याविना बसल्या.

याची किंमत तुम्ही कशी लावणार?

मला सगळ्यांत जास्त राग कशाचा आला ते सांगतो. कानशीचा नाही. “मला कळत नाही” हे तीन शब्द तुम्ही उच्चारले नाहीत, याचा. पहिल्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणाला असता, “ताई, मला हे कळत नाहीये, दुसऱ्या कोणाला दाखवा,” तर तुमची इज्जत वाढली असती आणि मशीन वाचली असती. कळत नसणं हा दोष नव्हे. कळत नसताना दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या यंत्रावर हात चालवणं, मग बिघडलेलं लपवायला दुसरा भाग बिघडवणं, आणि शेवटी दोष यंत्राच्या वयावर टाकणं, हा गुन्हा आहे. पोलिसात नोंदवता येत नाही म्हणून तो गुन्हा नाही असं समजू नका.

मशीन आता चालते. मी नवा हुक घातला. आधी नीडल बार पूर्ववत केला. त्याच्यावर कारखान्यानेच रेघा कोरलेल्या असतात. सुई सगळ्यांत खाली असताना वरची रेघ, बार ज्यातून वर-खाली सरकतो त्या बुशच्या खालच्या कडेला आणायची, मग हातचाक हाताने फिरवून खालची रेघ त्याच कडेला आणायची, आणि त्या स्थितीत हुकाचं टोक सुईच्या मधोमध ठेवून स्क्रू आवळायचे. या रेघा तुमच्या डोळ्यांसमोर होत्या. मशीन बनवणाऱ्यांनी अंदाजावर काहीच सोडलेलं नव्हतं. क्रमही ठरलेला आहे: आधी सुई, मग बारची उंची, मग हुक, मग सुई आणि हुकामधलं अंतर. हा क्रम मोडला की एक चूक झाकायला दुसरी करावी लागते. तुमच्या हातून तेच झालं.

भांडुपमधल्या, मुलुंड-कांजूरमधल्या शिवणाऱ्या बायांनो, या पत्रातलं तुमच्या कामाचं तेवढं घ्या. टाके सोडायला लागले की आधी नवी सुई लावा, कापडाला शोभेल त्या नंबरची. ती खोबणीत पूर्ण वरपर्यंत गेली आहे याची खात्री करा; अर्धा मिलिमीटर खाली राहिली तरी मशीन तुम्हाला टायमिंग गेल्यासारखी भासेल. दाते आणि बॉबिनखालचा कापडाचा भुगा ब्रशने काढा. आमच्या डोंगरउतारावरच्या चाळींत पावसाळ्यात ओल येते, हुकाला बारीक गंज धरतो. तेलाचा एक थेंब रोज सकाळी सोडा आणि रद्दी कापडावर आधी थोडं शिवून घ्या. एवढं करूनही भागलं नाही तर मेकॅनिक बोलवा. तो आला की त्याला आधी सुई बघायला सांगा. तो हुकाचे स्क्रू सैल करणार असेल तर आधी मूळ जागेची खूण करायला सांगा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काढलेला जुना भाग तुमच्याकडेच ठेवा. आणि त्याच्या हातात कानस दिसली तर मशीनवर कापड टाका आणि त्याला चहा देऊन निरोप द्या.

मेकॅनिकदादा, आता तुमच्याकडून मला काय हवंय ते. वहिनींकडून घेतलेले पैसे त्यांच्या हातात परत द्या. माझ्याकडे नकोत, फोनवर पाठवू नका. दारात येऊन द्या आणि काय केलंत ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. त्यांनी ऐकून घेतल्यावर माझ्याकडे या. तो घासलेला हुक मी डब्यात ठेवलाय, शेजारी नवा हुकही आहे. भिंगाखाली दोन्ही एकमेकांशेजारी ठेवू. बारवरच्या रेघा कशा वाचायच्या, फुगा डोळ्याने कसा बघायचा, टोकावरची बारीक धार कानशीने नव्हे तर तेलाच्या दगडाने कशी काढायची, हे मी तुम्हाला शिकवीन. फी लागणार नाही. तुमच्या हाताला ताकद आहे, चाळीचा चढ चढून जायची तयारी आहे, लोक तुम्हाला घरात घेतात. हे सगळं वाया जावं असं मला वाटत नाही. पण तोवर, माझी हात जोडून आणि तितकीच ठणकावून सांगणारी विनंती आहे: भांडुपमधल्या कुठल्याही बाईच्या मशीनचा हुक उघडू नका.

कळावे,
एक निवृत्त फिटर,
टेंभीपाडा, भांडुप (पश्चिम)